इंटरनेटचा उपास

आमच्या ऑफिसात महिन्यातून एकदा इंटरनेटचा उपास असायचा. माणसांचा नव्हे, इंटरनेटचा. माणसं त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर बटाट्याचे पापड असं चापून खायची. उपाशी राहायची ती भिंतीतून आलेली निळी वायर. ही प्रथा पाडली आमच्यातल्या सगळ्यात वयस्क प्रोग्रॅमरने. त्यांचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर ते फोन करून मला शुद्धलेखनाच्या चुका सांगतील. पाठीमागे आम्ही त्यांना उपासकाका म्हणायचो आणि समोर काहीच म्हणायचो नाही, कारण 'सर' म्हटलं की ते वळून मागे बघायचे, कोण सर आलेत म्हणून.

ऑफिस खराडीत. खराडी म्हटलं की लोकांना काचेच्या इमारती आठवतात. आम्ही त्यांच्या मागच्या गल्लीत, खाली टायरवाला आणि वर आम्ही. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो, अजूनही करतो. उसाची ट्रॉली फाटकात आली की तिला टोकन द्यायचं, नंबर लागला की काट्यावर वजन घ्यायचं आणि पावती छापायची. ऐकायला किरकोळ वाटतं. माझं माहेर मांजरी गावचं. आमच्या अर्ध्या रानात फ्लॅटांचे टॉवर उभे आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात वडील हट्टानं ऊस लावतात, त्यामुळे हे काम किती किरकोळ आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. तोडलेला ऊस उन्हात ताटकळला की वाळतो, वाळला की वजन घटतं, आणि वजन घटलं की शेतकरी कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हल्ली त्यात सॉफ्टवेअरवाल्यांच्याही पिढ्या धरतात.

उपासकाका स्वारगेटजवळ राहायचे आणि बस बदलत बदलत खराडीला यायचे. कंपनीची गाडी त्यांच्या घरावरून जायची. मी एकदा म्हटलं, “अहो, गाडीनं या की. फुकट आहे.” तर म्हणाले, “गाडीत दुसऱ्याच्या आवडीची गाणी ऐकावी लागतात. ते फुकट नाही.” पिशवीत स्वतःचा स्टीलचा ग्लास असायचा. ऑफिसातल्या कॉफीच्या यंत्राखाली तो ग्लास धरण्याआधी त्यांनी चौकशी केली होती, की ह्या यंत्राच्या जेवणाचं कोण बघतं. म्हणजे पावडर कोण भरतं, बिल कोण देतं. मालक देतात असं कळल्यावर ते निर्धास्तपणे प्यायले आणि कॉफी वाईट आहे असंही निर्धास्तपणे सांगून आले.

हा त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो ते जगातल्या प्रत्येक फुकट गोष्टीला विचारायचे. ह्याच्या जेवणाचं कोण बघतं? नकाशा दाखवणारं अॅप असो, दारात वाटलेलं मासिक असो, नाहीतर कुणाच्या मुंजीत मिळालेली पिशवी असो. उत्तर मिळालं की त्यांचं समाधान व्हायचं. उत्तर वाईट असलं तरी व्हायचं. ते घाबरट नव्हते, त्यांना फक्त माहीत असायला हवं असायचं.

आता थोडं धंद्यातलं सांगते. हल्ली अख्खा प्रोग्रॅम कुणीही स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशोब, पावतीची छपाई, काट्याशी बोलणं, हे सगळं जगात कुणी ना कुणी आधीच लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं असतं. त्या तयार तुकड्यांना पॅकेज म्हणायचं. एका तुकड्याला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा, आणि सगळ्यांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळाव्या लागतात. म्हणून हे तुकडे शोधून, जुळवून, आणून देणारं एक वेगळं हत्यार असतं. आमचं जुनं हत्यार इतकं मंद होतं, की ते चालू करून खाली जाऊन चहा पिऊन यावं, तरी ते आपलं विचारच करत बसलेलं.

मग एक नवीन हत्यार आलं. परदेशातल्या एका छोट्या कंपनीचं. चुटकीसरशी काम करणारं, फुकट, आणि त्याचा कोडही सगळ्यांना खुला. मी तर लट्टूच झाले. उपासकाका मोडता घालणार अशी खात्री होती, म्हणून भांडायच्या तयारीनं त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी ते चालवून पाहिलं. मग परत चालवलं. मग सगळं पुसून मुद्दाम पहिल्यापासून चालवलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले.

“वा,” ते म्हणाले. “पोरांनी काम केलंय.” आणि मग, “ह्यांच्या जेवणाचं कोण बघतं?”

“गुंतवणूकदार. भरपूर पैसा घातलाय म्हणतात.”

“आणि गुंतवणूकदारांच्या जेवणाचं?”

“ते त्यांचं ते बघतील.”

“बघतील ना. एक दिवस आपल्या ताटात बघतील.” मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “अहो, वापरू नका म्हणत नाही मी. वापरा. पाहुणा आलाय, चांगलंचुंगलं खाऊ घाला, त्याच्याकडून कामं करून घ्या. घरजावई तेवढा करू नका.”

ऑफिसात हे इतकं रुळलं, की कुणी काही नवीन आणलं की पोरंच विचारायची, पाहुणा की घरजावई? पाहुणा तो, जो उद्या उठून गेला तर आपली चूल पेटते. घरजावई तो, जो गेला तर चूल कुठे आहे हेच आपल्याला आठवत नाही. आणि पाहुण्याचा घरजावई झालेला नाही हे तपासायला महिन्यातून एकदा उपास. उपासकाका सकाळी भिंतीतली निळी वायर स्वतःच्या हातानं काढायचे, गुंडाळी करून खिशात ठेवायचे, आणि आमचा अख्खा प्रोग्रॅम, म्हणजे आमचा कोड आणि ते सगळे तुकडे, इंटरनेटशिवाय एकत्र नव्यानं बांधून दाखवायला लावायचे. तो बांधला गेला की वायर परत जोडायची. ह्याला ते उपास सोडणं म्हणायचे. बांधला गेला नाही तर खिचडी झाकून ठेवली जायची. वासानं जीव जायचा, पण त्यांच्या डोळ्यांदेखत झाकण उचलायची कुणाची टाप नव्हती.

बिनइंटरनेटचा प्रोग्रॅम बांधायचा तर सगळे तुकडे घरात हवेत. त्यासाठी त्यांनी एक जुनं यंत्र कोपऱ्यात मांडलं होतं. आम्ही वापरत असू तो प्रत्येक तुकडा, प्रत्येक आवृत्तीसकट, त्यात उतरवून ठेवलेला. त्या यंत्राला नाव नव्हतं. नाव मिळालं ते आमच्या घरी, मांजरीला.

त्यांना एकदा मी जेवायला नेलं होतं. वडील त्यांना बांधावरून फिरवत होते. टॉवरच्या सावलीत उसाचा एक छोटा तुकडा वेगळा राखलेला होता. उपासकाकांनी विचारलं, हा का तोडला नाही? वडील म्हणाले, “त्ये बेणं हाय. पुढल्या लागणीचं. बाहेर मिळतंय की बेणं, लय मिळतंय. पर घरचं असलं म्हंजी कुणाच्या दारात जाऊन तोंड वेंगाडाया नगं.” उपासकाका त्या उसाकडे बघत उभे राहिले. जेवताना पुरणपोळीवर तूप घेतलं का तेही त्यांना कळलं नसावं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या यंत्रावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी लागली. 'हे बेणं आहे. हलवू नये.'

घोटाळा तिथेच झाला. बेणं म्हणजे लागणीसाठी राखलेला ऊस, हे मांजरीत. शहरात बेणं म्हणजे, काय बेणं आहे हा! आणि त्या यंत्राच्या शेजारीच आमचे एक मॅनेजर बसायचे. दारातून येणाऱ्याला आधी पाटी दिसायची आणि मग ते दिसायचे. माणूस तसा कटकट्याच होता, त्यामुळे कुणी पाटी सरकवण्याचे कष्टही घेतले नाहीत. त्यांना स्वतःला मराठी बेताचंच यायचं. पाटीचा शहरी अर्थ त्यांना कुणीतरी समजावून सांगितला तो उपासकाका निवृत्त झाल्यावर. मग एचआरच्या बाईंची सगळ्यांना मेल आली, सहकाऱ्यांचा अपमान करणारे फलक ऑफिसात लावू नयेत अशी. पाटी निघाली.

निवृत्तीच्या दिवशी आम्ही शाल आणि नारळ दिला. नारळ त्यांनी लगेच पँट्रीत नेऊन दिला, पुढच्या उपासाला खिचडीवर घाला म्हणून. निळी वायर काढायचं काम त्यांनी आरिफच्या हवाली केलं. आरिफ आमच्याच टीममधला, कॅम्पातला, घरचा अत्तराचा जुना धंदा. तो आम्हाला कायम हसायचा, “ताई, हा कसला तुमचा उपास, पोट फुटेपर्यंत खाता. रोजे ठेवून बघा.” उपासकाका म्हणाले, “ह्यांना उपास कळतो. बाकीच्यांना खिचडी कळते.” त्यात मीही आले. मग भाषण करा म्हटलं तर एवढंच बोलले, “मीही पाहुणाच होतो. माझा नंबर भिंतीवर लिहून ठेवू नका. अडलं तर स्वतः बघा, मग एकमेकांना विचारा.”

“आणि तरीही नाही सुटलं तर?” मी विचारलं.

“परत एकमेकांना विचारा.”

ते गेले आणि काही महिन्यांनी त्या हत्याराची कंपनी एका बड्या कंपनीनं विकत घेतली. तोवर त्या पोरांनी तुकड्यांचं स्वतःचं एक कोठारही काढलं होतं, तपासलेलं, निवडलेलं, आणि आमच्यासारख्यांना फुकट. आम्ही सगळं तिथूनच आणायला लागलो होतो. हत्याराचा कोड खुला होता आणि खुलाच राहिला, त्याबद्दल मी त्यांना नाव ठेवणार नाही. पण कोठार त्यांचं होतं. अडकित्ता आपला आणि सुपारी त्यांची, असा तो प्रकार. आपल्यासाठी काहीही बदलणार नाही, अशी त्यांची मेल आली. मी कुणाला काही विचारलेलं नसताना हे उत्तर आलं होतं. उपासकाका असते तर तिथेच सावध झाले असते. मी मेल वाचली आणि कामाला लागले.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या प्रोग्रॅमनं एकच टोकन दोन ट्रॉल्यांना द्यायला सुरुवात केली. नंबर एक आणि हक्कदार दोन. काट्यापुढे ट्रॅक्टरवाले एकमेकांची गचांडी धरायला लागले. कारखान्यानं काटा बंद ठेवला आणि ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आली. आरिफला सकाळीच तिकडे पिटाळला होता. मी खराडीत बसून चूक शोधली. सापडली, छोटीशीच होती, जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्तही झाली. आता प्रोग्रॅम नव्यानं बांधायचा आणि पाठवायचा, एवढंच उरलं होतं.

बांधायला घेतला आणि कोठारानं दार लावून घेतलं. परवानगी नाही. त्याच दिवसापासून कंपन्यांसाठी नवे नियम लागू झाले होते, नव्यानं अर्ज करा, आमचा माणूस आपल्याशी संपर्क साधेल. तो 'आमचा माणूस' त्या वेळी तिकडे समुद्रापार गाढ झोपलेला. आम्ही आधी वापरायचो त्या जुन्या सार्वजनिक कोठारात जाऊन पाहिलं, तर काट्याशी बोलणारा नेमका तुकडा त्याच्या कर्त्यानं तिथून कधीच काढून घेतला होता. दुरुस्ती माझ्या समोर तयार होती आणि ती पाठवता येत नव्हती.

तेवढ्यात वडिलांचा फोन. “काय गं, तुझं मशीन बंद हाय म्हनं. आपली ट्रॉली उभी हाय. ऊस वाळाय लागलाय.” मागून कुणीतरी काहीतरी बोललं. वडील खालच्या आवाजात म्हणाले, “हितं लोक इचारत्यात, तुमच्या पोरीचंच हाय न्हवं त्ये. काय सांगू?” मी म्हटलं, सांगा, होतंय. आणि फोन ठेवला. नोकरीचं मला काही वाटत नव्हतं, नोकऱ्या खराडीत पैशाला पासरी. पण त्या रांगेत माझे वडील मान खाली घालून उभे होते आणि ते माझ्यामुळे.

बेणं आठवलं नाही असं नाही. पण बेणं नव्हतं. पाटीचं प्रकरण झालं तेव्हा मी एका कारखान्यावर मुक्कामाला होते. परत आले तर कोपऱ्यात यंत्राच्या जागी मनीप्लांटची कुंडी. इथलं बेणं कुठंय, म्हणून मी विचारलं, तर कुणीतरी मान वर न करता म्हणालं, “गेलं एकदाचं. सुटलो.” त्या यंत्राचा पंखा घरघरायचा फार, त्यामुळे मला ते पटलंही. उपास मात्र चालू राहिला. खिचडीसाठी चालू आहे असं मी समजत होते.

शेवटी मी उपासकाकांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “माझा नंबर भिंतीवर आहे का?”

“नाही. माझ्या फोनमध्ये आहे.”

“बरं. बेणं कुठे आहे?”

“गेलं. टाकून दिलं बहुतेक. पाटीवरून भांडण झालं होतं.”

मागे कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी विचारलं, “उपास बंद केलात का?”

“छे. गेल्याच शुक्रवारी झाला की.”

“वायर काढली होती?”

“हो, आरिफनं काढली.”

“आणि प्रोग्रॅम बांधला गेला?”

“गेला म्हणजे काय, त्याशिवाय खिचडी...” मी तिथेच थांबले.

“अहो, वायर नाही, बेणं नाही, आणि प्रोग्रॅम बांधला गेला,” ते शांतपणे म्हणाले. “मग त्याच्या पोटात काय गेलं? आणि हे मला विचारू नका. मी काय सांगितलं होतं, एकमेकांना विचारा.” आणि त्यांनी फोन ठेवला.

मी आरिफला फोन केला. तिकडे ट्रॅक्टरांची धडधड, शिव्या, कुणाचातरी कर्णा. मी ओरडून विचारलं, बेणं कुठंय? तोही ओरडला, “माझ्या टेबलाखाली. पाय ठेवायला घेतलंय.”

“ते तर गेलं होतं ना? एकदाचं गेलं म्हणाले सगळे.”

मग आरिफ हसायला लागला, त्या तसल्या गर्दीत. “अहो ताई, ते दुसरं बेणं. मॅनेजर सोडून गेले ना काचेच्या बिल्डिंगमध्ये. आपलं कशाला जाईल? पाटी काढायला सांगितली होती, यंत्र कुठे काढायला सांगितलं होतं?”

मी टेबलाखाली वाकले. होतं. आरिफच्या चपलांचे ठसे अंगावर घेऊन घरघरत बसलेलं. प्रोग्रॅमला सांगितलं, आज कोठाराचं नाव घ्यायचं नाही, इथून घे. काट्याशी बोलणारा तुकडाही आत होता, कर्त्यानं काढून घेण्याआधीचा, उपासकाकांनी उतरवून ठेवलेला. बांधून झाला, पाठवला, आरिफनं तिकडे बसवला. मी फोन हातात धरून मनीप्लांटकडे बघत बसले.

मग वडिलांचा फोन. “काटा चालू झाला. आपली ट्रॉली सरकली म्होरं.” आणि मग, आवाज जरा मोठा करून, म्हणजे आजूबाजूच्यांना ऐकू जावं म्हणून, “व्हय व्हय, आमच्या पोरीनंच केलंय.” मला रडू आलं. खरंच आलं, भर ऑफिसात, टेबलाखालच्या धुळीनं हात काळे झालेले, ते तसेच तोंडाला लावून.

उपासकाकांना मी नुसता मेसेज केला, ट्रॉल्या सरकल्या म्हणून. उत्तर आलं, 'सरकल्या'मधला स अर्धा पडलाय, दुरुस्त करा.

पुढच्या आठवड्यात यंत्र परत कोपऱ्यात आलं आणि त्यावर पाटी परत लागली. अक्षर माझं, त्यामुळे वळण नाही, पण मजकूर एचआरच्या बाईंनी स्वतः मंजूर केलाय. 'हे बेणं आहे. उसाचं असतं तसं. कुणालाही उद्देशून नाही. हलवू नये.'

त्यानंतरच्या उपासाला सकाळी सगळे जमलो होतो. पातेल्यावर झाकण होतं. आरिफ वायरीला हात घालणार तेवढ्यात दार उघडलं आणि उपासकाका आत आले, घामाघूम, बसनं आलेले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यात जाऊन पाटी नीट वाचली. काही बोलले नाहीत. म्हणजे शुद्धलेखन बरोबर असावं. आरिफनं वायर त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

“आपण काढा,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. पिशवीतून स्टीलचा ग्लास काढून पुढ्यात ठेवला. “मी पाहुणा आहे. जेवून जाईन.”